दुसरा रकाना

जगदाळे मॅडमनी माझ्या पहिल्या पत्रकावर अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिला होता. ‘कुठे?’ समासात, पेन्सिलीनं, मुंगी चालून गेल्यासारख्या बारीक अक्षरात. ‘वसाहतीमागच्या नाल्यानं शेकडो कुटुंबं आजारी पाडली आहेत.’ कुठे? ‘प्रशासनाला हे सारं ठाऊक आहे.’ कुठे? ‘कामगार आता गप्प बसणार नाही.’ कुठे?

पत्रक दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. शुद्धलेखन तेवढं पाहून द्या, म्हणून मी ते त्यांच्याकडे दिलं होतं. मी संतापले.

“मॅडम, हे पत्रक आहे. शोधनिबंध नाही.”

त्यांनी डब्यातली शेवटची शेव बोटानं गोळा केली, तोंडात टाकली आणि झाकण लावलं. “म्हणजे लोकांना थोडं कमी खरं चालतं का, भिया?”

माळव्यात भिया म्हणजे भाऊ, मित्र, रस्त्यात भेटलेला कुणीही, पण असतो तो पुरुषच. मॅडम मात्र मुलींना, प्राचार्यांना, झेरॉक्सवाल्याला, सगळ्यांना भिया म्हणत. प्राचार्यांना ते आवडत नसे. त्यांना मॅडममधलं बरंच काही आवडत नसे.

ते पत्रक मी तसंच छापलं. एकही ‘कुठे?’ विचारात न घेता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील महाराष्ट्रातून देवासच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि युनियनमध्ये रमले. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरी पडून असायचे. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं करायची आणि कंटाळा आला की कागद उलटून वाचायची. शाळा हिंदी, घर मराठी, आणि डोक्यातली भाषा पत्रकाची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी मूठ वळतंय असं मला वाटायचं. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, प्रवेश घेतला तोसुद्धा दिवसभर फुकट बसायला आणि लिहायला जागा मिळेल म्हणून. वर्गात आम्ही सहा जण होतो. बाकीच्यांना ग्रंथपालाच्या सरकारी भरतीसाठी कागद हवा होता. असल्या वर्गाला शिकवायला जगदाळे मॅडम दर सोमवारी पहाटे धारहून निघून, इंदूरला बस बदलून देवासला येत. आठवडाभर भाड्याच्या एका खोलीत राहत आणि शनिवारी परत जात.

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागून माळव्यात आले होते, पण तलवार घेऊन नाही. सुई-दोरा आणि खळीचं भांडं घेऊन. दरबारच्या दफ्तरांना पुठ्ठे बांधायचे. मॅडमचे वडील, आबा, शाळांची हजेरीपुस्तकं बांधत. “दरबार गेला, हजेरी राहिली,” असं मॅडम म्हणत आणि स्वतःच हसत. कुठलंही पुस्तक हातात आलं की त्या आधी त्याची पाठ हुंगत. मग म्हणत, “खळ आंबट होती,” किंवा “हा दोरा आबांचा नव्हे.” कागद दुमडायची आबांची हाडाची पट्टी त्यांच्या पिशवीत कायम असे. तिनं त्या पानं दाबत, फळ्यावरच्या ओळी दाखवत आणि उन्हाळ्यात पाठ खाजवत.

पहिल्या तासाला आम्ही वर्गीकरणाचं जाडजूड पुस्तक उघडून बसलो होतो. वर्गीकरणाचे आकडे पाठ करायचे आणि सुटायचं, असं सीनियर सांगून गेले होते. मॅडमनी ते पुस्तक हाडाच्या पट्टीनं मिटवलं.

“आधी माणूस. मग आकडा.”

तेवढ्यात दारात कॉलेजचा गार्ड रामचरण आला. बागलीकडचा, अबोल माणूस. टोपी हातात धरून म्हणाला, “मैडम, डॉक्टरी की कोई किताब है क्या?”

आमच्यातला दीपेश उत्साही. घरातली मराठी नावापुरती राहिलेली, वाचायचं म्हटलं तर घाम फुटायचा, पण धावपळीत पहिला. तो उठला आणि घरगुती औषधोपचाराचा एक ठोकळा घेऊन आला. रामचरणनं तो दोन्ही हातांत धरला, उलटला, परत दिला आणि “धन्यवाद, भिया” म्हणून निघाला.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. खुर्ची ओढून त्यांनी त्याला बसवलं आणि त्या विचारू लागल्या. किसके लिए चाहिए? कब से तकलीफ है? दवा चल रही है? कौन सी? हळूहळू, मध्ये थांबत, त्याला लाज वाटणार नाही अशा बेतानं. सातव्या की आठव्या प्रश्नाला त्यानं खिशातून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या, एक रिकामी, एक भरलेली. मुलीला फिट येतात. नेहमीची गोळी दुकानात नव्हती, म्हणून दुकानदारानं दुसऱ्या नावाची दिली. ती द्यावी की नाही, हे त्याला कळत नव्हतं. दोन दिवस मुलीला गोळीच दिली नव्हती.

मॅडमनी औषधांची सूची काढली. दोन्ही पट्ट्यांवरचा घटक जुळवला, मात्रा जुळवली. मग कागदावर लिहून दिलं की घटक आणि मात्रा सारखी दिसते, पण आत्ताच डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावं वाचून दाखव. फोनही स्वतःच्या मोबाइलवरून त्यालाच करायला लावला. तो गेल्यावर आमच्याकडे वळल्या.

“पहिला प्रश्न दारातला असतो. माणूस दारात उभं राहून काहीतरी विचारतो, कारण आत यायची त्याला भीती असते. तुम्ही दारातल्या प्रश्नाला उत्तर दिलंत तर तो दारातूनच परत जातो. मघाशी गेलाच होता.”

मग त्यांनी एक पातळ वही उघडली. स्वतः शिवलेली, निळ्या कापडाची पाठ. प्रत्येक पानावर चार रकाने. काय विचारलं. काय हवं होतं. कुठे कुठे पाहिलं. सापडलं की नाही. पहिल्यात त्यांनी लिहिलं : डॉक्टरी की किताब. दुसऱ्यात : बदललेली गोळी मुलीला द्यावी का.

“या दुसऱ्या रकान्यासाठी ही सगळी पदवी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि एक कायम लक्षात ठेवा. तो रकाना माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय भरायचा नाही. तुम्हाला कितीही खात्री असली तरी. नाही सांगितलं, तर मोकळा सोडायचा.”

पुढचे महिने त्यांनी रुक्ष विषयसुद्धा याच दिशेला वळवले. वर्गीकरण म्हणजे काय, तर हा प्रश्न आणखी कुठल्या नावानं राहतो हे शोधणं. पुस्तकांची तालिका बनवणं म्हणजे काय, तर एका पुस्तकापाशी किती दारांनी पोचता येईल याचा विचार. धारच्या विणकरांची जुनी वस्ती कुठे होती, हा प्रश्न त्यांनी आम्हाला स्वाध्याय म्हणून दिला होता. मी चार चांगले संदर्भ घेऊन गेले. वीसपैकी नऊ गुण.

“न सापडलेलं लपवलंस,” त्या म्हणाल्या. “जिथे पाहिलं आणि काही नव्हतं, ती ठिकाणं कुठे आहेत? तुझ्यामागून येणारा पुन्हा त्याच कोरड्या विहिरीत बादली सोडणार.”

“पण फोनवर शोधलं तर दोन मिनिटांत—”

“फोन तुला उत्तर देतो. तुला काय हवंय ते विचारतो का?”

एकदा त्या आम्हाला धारला एका जुन्या वाचनालयात घेऊन गेल्या. तिथलं मराठी कपाट ‘अन्य भाषा’ अशी चिठ्ठी लावून मागच्या खोलीत सरकवलेलं होतं. त्यांनी एक पुस्तक काढून दीपेशच्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या. तो अडखळत, घाम पुसत दोन पानं वाचत गेला आणि थांबला. पुढची पानं उघडेचनात. छापताना दुमडलेल्या कडा कुणी कापल्याच नव्हत्या. वाचनालयाचा शिक्का होता, दाखल क्रमांक होता, कपाटात मानाची जागा होती, आणि इतक्या वर्षांत एकाही माणसानं ते पुस्तक उघडलं नव्हतं. मॅडमनी हाडाची पट्टी घातली आणि कडा एक एक करून उलगडल्या. करकर असा कोरडा आवाज येत होता.

“नोंद आहे, वाचक नाही,” त्या पुटपुटल्या. “अशानं कोठार होतं, भिया. वाचनालय नाही होत.”

तेव्हा मला हे वाक्य छान वाटलं होतं. मी ते एका पत्रकात वापरलंसुद्धा. त्यांचं नाव न देता.

आमच्या शेवटच्या सत्रात कॉलेजला तपासणी समिती येणार होती. तिच्या शेऱ्यावर बी.लिब. चालू राहणार की बंद होणार, हे ठरायचं होतं. चार दिवस आधी प्राचार्यांनी ग्रंथालयाची संदर्भ नोंदवही मागवली. मॅडमनी निळी वही पाठवली. दोन वर्षांत एकेचाळीस प्रश्न.

प्राचार्य वही घेऊन स्वतः खाली आले. आम्ही तिथेच बसलो होतो.

“मैडम, ये क्या है? इतने में तो समिति आपका विभाग बंद करवा देगी।”

“इतकेच आले, भिया.”

“आले नाहीत तर आणा! बच्चों से भरवा लो. तीन-चारशे तरी दिसले पाहिजेत.”

“प्रश्न कोणाचे?”

“किसी के भी!”

मॅडमनी वही त्यांच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. “मजकडून नाही होणार,” म्हणाल्या. आजीच्या वळणाचं जुनं मराठी त्यांच्या तोंडी फक्त चिडल्यावर यायचं.

दुसऱ्या दिवशी मॅडम शनिवारच्या बसनं धारला गेल्या आणि प्राचार्यांनी आम्हा सहा जणांना बोलावलं. टेबलावर नवी कोरी जाड नोंदवही होती. विभाग बंद झाला तर परीक्षेचे फॉर्म अडकतील, हे त्यांनी एकदा सांगितलं. मॅडमची नोकरी जाईल, हे तीनदा. मॅडमना वाचवायचं तुमच्या हातात आहे, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांना ठाऊक होतं कुणाला काय म्हणायचं. दारातल्या प्रश्नाच्या पलीकडचं त्यांनाही ओळखता येत होतं.

मी हो म्हणाले. सगळ्यांत आधी मीच.

रविवारी, आणि सोमवारी त्यांचा तास बुडवून, आम्ही ती वही भरली. आणि फार सुंदर भरली. याचं कारण जगदाळे मॅडमनी आम्हाला उत्तम शिकवलं होतं. खरा प्रश्न कसा दिसतो हे आम्हाला कळत होतं. पहिल्या रकान्यात अर्धवट, लाजरे प्रश्न. दुसऱ्यात त्यांच्या पोटातली खरी गरज. खातेगावचा सोयाबीनवाला, मनावर गावची विधवा अंगणवाडीवाली, बागलीचे रिटायर मास्तर. बहुतेक माणसं माझ्याच डोक्यातून निघाली. वेगवेगळी शाई, वेगवेगळी अक्षरं. दर सात-आठ नोंदींनंतर एक ‘सापडलं नाही’, कोरड्या विहिरींच्या यादीसकट. ती कल्पना माझी. त्यानं वही खरी वाटेल, असं मीच सुचवलं आणि दीपेश म्हणाला, “मानलं, यार.” मला अभिमान वाटला. तीनशेच्या वर माणसांचा दुसरा रकाना आम्ही आमच्या हातानं भरला.

समिती मंगळवारी आली. तीन जण. त्यातले एक वयस्कर प्राध्यापक, चष्मा कपाळावर, खरोखर वाचणारे. त्यांनी वही उघडली आणि पानं उलटता उलटता थांबले.

“वाह! असफल खोज भी दर्ज है. ये मैंने बरसों में कहीं नहीं देखा. मैडम, इसे कहते हैं ईमानदार रजिस्टर.”

मॅडमनी ती वही तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्या जवळ आल्या. एक पान वाचलं. दुसरं. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण वहीची पाठ हुंगली. नवी कोरी खळ.

प्राध्यापकांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. “ये बागली के मास्टरजी. वंशावली पूछी, असल में गाँव का पुराना नक्शा चाहिए था. ये बात आपने कैसे निकलवाई उनसे?”

प्राचार्य हसत उभे होते. मॅडमनी फक्त काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही. विभाग राहिला असता, नोकरी राहिली असती, पुढच्या वर्षी आणखी सहा जणांना त्यांनी शिकवलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला ना, मॅडम, एकदाच खोटं बोला.

“मैंने नहीं निकलवाई, सर,” त्या म्हणाल्या. “मास्टरजी आए ही नहीं. इसमें से कोई नहीं आया.”

मग पिशवीतून त्यांनी निळी वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. “ये लोग आए थे. इकतालीस.”

प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. निळ्या वहीची चार-पाच पानं पाहिली. रामचरणची नोंद वाचली असावी. तिथे ते थोडे थांबले. मग वही मिटून परत दिली आणि खरोखर वाईट वाटल्यासारख्या आवाजात म्हणाले, “ये तो बहुत कम है, मैडम.”

आणि सगळे जेवायला गेले.

खोटेपणा उघडकीला आला की काहीतरी घडतं, अशी माझी समजूत होती. पत्रकांनी करून दिलेली. काहीच घडलं नाही. अहवालात ‘संदर्भसेवा उल्लेखनीय’ असं लिहून आलं. जाड वहीच्या दोन पानांचे फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात छापले. विभाग टिकला, आमचे फॉर्म भरले गेले, आम्ही पास झालो. सत्र संपल्यावर मॅडमना एक पत्र मिळालं. त्यांची जागा आता गरजेची राहिली नव्हती.

जाण्याच्या दिवशी त्या कपाटांच्या किल्ल्या देत होत्या. मी बोलायला गेले. भाषण तयार करून गेले होते. संप करू, पत्रक काढू, प्राचार्यांना उघडं पाडू.

“वही फार चांगली भरली होतीस,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. गुण देताना बोलत तसाच आवाज. “पद्धत बरोबर. अक्षर बदललंस, ‘न सापडलेलं’ घातलंस. माझ्या सगळ्या वर्षांत इतकं नीट कुणी शिकलं नाही.”

“मॅडम, तुमची नोकरी जाऊ नये म्हणून—”

“मला काय हवं होतं ते मला विचारलंस का?”

त्यांनी शेवटचं कपाट बंद केलं.

“तुझ्या पत्रकातले लोक आणि त्या वहीतले लोक एकच आहेत, भिया. दोघांना कुणी विचारलेलं नाही. त्यांचा रकाना तूच भरतेस.” किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्या निघाल्या. हाडाची पट्टी विसरल्या, म्हणून परत आल्या, पट्टी घेतली आणि गेल्या.

प्राचार्यांविरुद्ध मी पत्रक लिहिलंच. लिहिताना प्रत्येक ओळीपुढे ते मुंगीचं अक्षर दिसू लागलं. कुठे? कुणी पाहिलं? तू स्वतः कुठे होतीस? हा शेवटचा प्रश्न टाळून ते पत्रक पुरं होईना. ते छापलं नाही. त्या वेळी गप्प बसले याचं मी आजवर कुणाला कारण दिलेलं नाही. आज देते. वहीतली सगळ्यांत चांगली अक्षरं माझी होती.

गेल्या हिवाळ्यात मी धारला गेले. आबांचं दुकान आता मॅडम चालवतात. बाहेर पाटी : ‘थीसिस बाइंडिंग, सुनहरे अक्षर’. आत काळ्या आणि तांबड्या पुठ्ठ्यांचे ढीग. पीएच.डी. करणारी मुलं येतात, पाच प्रती टाकतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. पाठीवर सोनेरी नाव हवं असतं, आत काय आहे ते कुणी बघत नाही. मॅडम बघतात. शिवण्याआधी प्रत्येक प्रबंधाची संदर्भसूची त्या उघडतात, आणि समासात काहीतरी बारीक लिहितात. मी वाकून पाहिलं. पेन्सिल होती, तीच मुंगी.

“मुलं चिडत नाहीत?”

“उघडतं कोण?” त्या म्हणाल्या.

हातांना खळ लागली होती. केस बरेच पांढरे झाले होते. चष्म्याची दांडी बांधायच्या दोऱ्यानंच बांधलेली. मी दारात उभी होते.

“कशा आहात, मॅडम?”

“हा दारातला प्रश्न झाला. आत ये.”

मी आत गेले. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं, चहा मागवला. आणि मग, रामचरणला विचारत तसंच, घाई न करता त्या एकेक विचारत गेल्या. नोकरी लागली का? लिहितेस का? वडील कसे आहेत? देवासहून मुद्दाम आलीस? मध्ये थांबत होत्या, वाट पाहत होत्या. प्रत्येक प्रश्न मला हवा होता त्या जागेच्या जरा जवळ येत होता. मी कशासाठी आले होते ते त्यांना ठाऊक असणारच. ‘वही’ हा शब्द त्यांनी नुसता उच्चारला असता तरी मी रडून मोकळी झाले असते.

त्यांनी उच्चारला नाही. मी म्हणाले, सहज आले होते.

निघताना मागे वळून पाहिलं. मॅडमनी हात पुसले होते आणि खणातून निळ्या पाठीची वही काढली होती. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं : कशा आहात. दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल थोडा वेळ थांबली. मग तो तसाच मोकळा सोडून त्यांनी वही मिटली, आणि कुणाचातरी प्रबंध शिवायला घेतला.